परवाना न लागणारी बंदूक

एअरगनला परवाना लागत नाही. हे वाक्य मी एकोणीसशे नव्याण्णव सालात इतक्या लोकांना ऐकवलं, की पुढे पुढे मी ते झोपेतही म्हणायला लागले, असं आमचे हे सांगतात. ह्यांना मी झोपेत बोलते ते सगळं ऐकू येतं. जागेपणी बोलते ते मात्र नाही.

सुरुवात केली आमच्या कल्याणीने. ती तेव्हा जुन्नरच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानावर जो कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता, तिथे जायची. चपला जिन्यात काढायच्या, पाय पुसायचे आणि मगच आत. देवळात नसेल एवढं सोवळं. एक दिवस ती क्लासहून आली ती दप्तर न ठेवताच म्हणाली, "आई, एकतीस डिसेंबरला जगातले सगळे कॉम्प्युटर गोंधळणार. नवीन साल लागलं की त्यांना वाटणार, एकोणीसशे साल परत आलं."

"वाटू दे की," मी भाकरी थापता थापता म्हटलं. "आपल्या कचेऱ्यांत अजून तेच चालू आहे."

"चेष्टा नको करू. सर म्हणाले, लाईट जाणार."

"ती आत्ता तरी कुठे आहे?" मी चिमणीच्या उजेडातच भाकरी थापत होते.

"बँका बंद पडणार. एष्ट्या बंद पडणार. फोन बंद पडणार."

फोन म्हटल्यावर मात्र माझा हात परातीतच थांबला.

कारण आमच्या सासूबाई, केशरबाई, लोणीला एकट्या राहायच्या. आंबेगाव तालुक्याच्या पार पूर्वेच्या टोकाला. घर वस्तीवर, शेजार म्हणजे ठकूबाईचं एकच घर, आणि तेही हाक मारली तर ऐकू जाईलच असं नाही. आदल्या उन्हाळ्यात सासूबाई गोठ्याच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. सकाळच्या पडल्या, त्या ठकूबाई दुपारी विरजण मागायला आली तेव्हा कुणाला तरी दिसल्या. ठकूबाई तशीच गावातल्या दुकानात पळाली, तिथून तिने फोन लावला, तो आमच्या शेजारच्या सयाजीभाऊंकडे वाजला, कारण आमच्याकडे फोन नव्हता, आणि सयाजीभाऊंनी गच्चीवरून हाक मारून आम्हाला सांगितलं. एवढ्या साखळीवर माझ्या सासूचा जीव लोंबकळत होता, आणि आता तीही तुटणार म्हणे.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या आत्याबाईंना जुन्नरला आणायचा प्रयत्न आम्ही केला नव्हता असं नाही. ह्यांनी विनवण्या केल्या, मी केल्या, कल्याणीने रडूनसुद्धा दाखवलं. प्रत्येक वेळी उत्तर तयार. कधी कोंबड्या, कधी शेळी, कधी बांधावरचं लिंबाचं झाड. आणि सगळी कारणं संपली की शेवटचं, "तुमच्या घरात पाय पसरला का भिताड लागतंय. मी न्हाई यायची."

तेव्हा मी ठरवलं, की त्या येत नसतील तर संकटाची तयारी आपण करायची आणि ती लोणीला नेऊन ठेवायची.

मी शाळा सातवीपर्यंत शिकले. पुढचं शिक्षण वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर आणि नगर वाचनालयाच्या मासिकांत झालं. त्यामुळे माझं ज्ञान जरा ठिकठिकाणी फाटलेलं आहे, पण जिथे आहे तिथे चांगलं आहे. वाचनालयातल्या एका जुन्या मासिकात मला 'संकटकाळी घरात काय असावे' असा लेख सापडला. दोरी असावी, काडेपेट्या असाव्यात, मीठ असावं, पट्ट्या असाव्यात. हे सगळं आमच्याकडे होतं. आणि मग त्यात होतं, एअरगन. हलकी, टिकाऊ, बाईमाणसालाही वापरता येण्याजोगी. कोल्ह्याकुत्र्याला पळवून लावते, भुरट्या चोराला धाक बसतो, आणि परवाना लागत नाही!

मला तर बाई एकदम उजेडच पडल्यासारखं झालं. लोणीचं घर, दारात आत्याबाई, त्यांच्या हातात एअरगन आणि शेताच्या कडेने शेपूट घालून पळणारा कोल्हा, हे चित्र डोळ्यांपुढून हलेचना. मी ह्यांना सांगितलं. हे जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला, त्यामुळे बोलणारे प्राणी समोर आले की ह्यांना जरा अवघडल्यासारखं होतं. शेवटी म्हणाले,

"कुणाला मारायचंय?"

"कुणालाच नाही. नुसती भीती घालायचीय."

"त्याला तू पुरेशी आहेस की."

पण पुण्याला आले माझ्याबरोबर, हे सांगितलं पाहिजे. दुकानदाराने बंदूक दाखवली, मधोमध मोडून दाखवली, तिच्यात छर्रा कसा घालायचा, पुन्हा सरळ कशी करायची, सगळं दाखवलं. छर्रे म्हणजे मसुरीच्या डाळीएवढे शिशाचे दाणे. एक डबी भरून घेतले. बंदूक जुन्या चादरीत गुंडाळली, दोन्ही टोकांना सुतळी बांधली आणि आम्ही शिवाजीनगरला एष्टीत बसलो. हे खिडकीशी बसले आणि लगेच झोपले. किंवा त्यांनी डोळे मिटले.

माझ्या शेजारी एक मंचरचे पाव्हणे. फेटा, पानाची चंची, आणि जगाविषयी अपार माया.

"काय हाय वो ताई ह्यात?"

मी म्हटलं, "पडद्याचा दांडा."

"लई जड दिसतोय."

"पितळी आहे."

"घराला दारं किती?"

"एकच."

"एका दाराच्या पडद्यापायी पुण्याला?" पाव्हण्यांनी ही बातमी पुढच्या बाकाला सांगितली. पुढच्या बाकाने त्याच्या पुढच्या. मग सगळ्या एष्टीत पडद्यांवर चर्चा सुरू झाली. पितळी दांडा हिरवा पडतो, असं एकाचं म्हणणं. दांडा लाकडाचाच घ्यावा, जुन्नरलाच मिळतो, असं दुसऱ्याचं. एका बाईने मला तिच्या जाऊबाईचा किस्सा सांगितला. तिच्या डोक्यात पडद्याचा दांडा पडला होता आणि तेव्हापासून ती वाटणी मागत होती. पाव्हण्यांना काही स्वस्थ बसवेना. "जाडी बघू," म्हणून त्यांनी चादरीवरून हात फिरवायला सुरुवात केली. हात फिरत फिरत चापाशी आला आणि तिथे थांबला. पाव्हण्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा झोपलेल्या ह्यांच्याकडे पाहिलं. तिकीट मंचरचं असताना ते राजगुरुनगरलाच उतरून गेले. चंची विसरले. ती कंडक्टरकडे दिली.

पण आत्याबाईंना शिकवायची तर आधी आपल्याला यायला हवी! म्हणून दुसऱ्याच दिवशी मी गच्चीवर सराव सुरू केला. कठड्यावर डालड्याचा रिकामा डबा ठेवला. पदर खोचला. आमच्या आणि सयाजीभाऊंच्या गच्चीमध्ये एक हातभर बोळ. सयाजीभाऊ म्हणजे भरपूर शेती असलेले, गावात बंगला बांधून राहिलेले, आणि ज्यांचा चुलत मेव्हणा मिलिटरीत आहे असे गृहस्थ. त्यामुळे बंदुकीतलं त्यांना सगळं कळतं. ते खुर्चीच घेऊन आले.

"वहिनी, दस्ता खांद्याला टेकवा. तसा न्हाई, दाबून. हां. आता एक डोळा मिटा."

मी मिटला.

"दुसरा उघडा ठिवा की!"

मी उघडला.

"आता श्वास धरायचा, अन् मनात म्हनायचं, डबा म्हंजी दुश्मन."

मी श्वास धरला. बराच धरला, कारण डालड्याच्या डब्याशी माझं वैर जमेना. आमच्या लग्नापासूनचा डबा तो. शेवटी जीव घाबरा झाला तेव्हा चाप ओढला गेला. फट्ट! डबा होता तिथेच उभा. मला वाटलं छर्रा विरघळला.

"नेम डाव्या अंगाला जातोय," सयाजीभाऊ शांतपणे म्हणाले. "काय हरकत न्हाई. आमच्या मेव्हन्याचा बी सुरवातीला... ह्ये पाणी कुठनं पडतंय?"

त्यांच्याच काळ्या टाकीतून पडत होतं. बारीक, सुरेख धार, थेट खालच्या मोगऱ्यावर.

पुढचा अर्धा दिवस मी, हे आणि सयाजीभाऊ एका टाकीभोवती उभे होतो. ह्यांनी जनावरांच्या जखमेला लावायची पट्टी लावून पाहिली. मी चिंधीचा बोळा लावला. शेवटी नळवाला आला, त्याने भोक बुजवलं आणि जाताना माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, अजून कुठं पाडायचीत का? एकदमच बुजवतो."

झालं. सयाजीभाऊंनी बोलणं टाकलं. आणि बोलणं टाकलं म्हणजे फोनचे निरोप टाकले. "फोन आला व्हता," ते गच्चीवरून आभाळाला सांगायचे. "कुणाचा?" मी विचारायचे. "ठिवला," ते आभाळालाच सांगायचे. म्हणजे जी साखळी वाचवायला बंदूक आणली, तिचीच पहिली कडी मी स्वतः उडवली होती! मी एक पातेलं भरून पुरणपोळ्या नेल्या. पातेलं परत आलं, घासून. बोलणं नाही आलं.

त्यातच गणपतीच्या आगेमागे निवडणुका लागल्या. लोकसभा आणि विधानसभा एकदम. एक दिवस सयाजीभाऊ आपण होऊन बोलले. पण बोलले ते असे,

"आचारसंहिता लागली, वहिनी. हत्यारं जमा करायची अस्त्यात सगळ्यांनी."

"एअरगनला परवाना लागत नाही," मी म्हटलं.

"ते मला काय सांगताय? सरकारला सांगा."

आता दुसरी एखादी असती तर गप्प बसली असती. पण नागरिकशास्त्राचं पुस्तक दरवर्षी कल्याणीच्या आधी मी वाचून काढत आले आहे. ज्यांच्या हातून एवढी मोठी राज्यघटना लिहिली गेली त्या बाबासाहेबांची लेकरं म्हणवून घ्यायचं, आणि साधा कायदा पाळायचा नाही? मी इस्त्रीची साडी नेसले, बंदूक पुन्हा चादरीत गुंडाळली आणि कचेरीत गेले. कुठल्या ते सांगत नाही, तिथली माणसं स्वभावाने चांगली होती.

टेबलाशी एक भाऊसाहेब. म्हणाले, "बोला."

"हत्यार जमा करायचंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, चहाचा कप बाजूला सरकवला. "परवाना दाखवा."

"ह्याला परवाना लागत नाही."

"मग ते हत्यार नाही."

"मग काय आहे?"

"ते मी कसं सांगू? तुम्ही आणलंय."

"हत्यार नसेल तर तसं लिहून द्या," मी म्हटलं, "म्हणजे मी घरी घेऊन जाते. उद्या कुणी विचारलं तर?"

"बाई, न लागणाऱ्या परवान्याचा परवाना कसा देणार? मग ज्याला ज्याला जे जे लागत नाही, ते सगळे येतील."

हे मला पटलं. पण माझ्या नागरिकशास्त्राला पटेना. मी उभीच राहिले. भाऊसाहेबांच्या मागे निवडणुकीची एवढी कामं पडलेली, लोक दारातून आत डोकावताहेत, आणि समोर एक बाई चादरीतली बंदूक घेऊन लोकशाहीसाठी उभी. शेवटी ते हात जोडून म्हणाले, "ठेवा त्या कोपऱ्यात. निकाल लागला की न्या."

मला इतकं धन्य वाटलं! घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी चहा ढवळत विचारलं, "सगळ्या तालुक्यात एअरगन जमा करणारी तू कितवी?"

"पहिली."

"आणि शेवटची," हे म्हणाले.

मतदान झालं. निकाल लागले. सरकार कुणाचं ह्यावर बरेच दिवस खल झाला, तेही एकदाचं आलं. दिवाळी गेली. डिसेंबर तोंडावर आला, आणि बंदूक कोपऱ्यात! मी कचेरीत गेले तर पहिल्या भाऊसाहेबांची बदली झालेली. नवे भाऊसाहेब टेबलाशी, आणि माझी बंदूक खिडकीत. खिडकीचं दार वाऱ्याने आपटायचं, त्याला टेकू दिला होता. चादर टेबलावर अंथरली होती.

"ती माझी आहे," मी म्हटलं.

"चादर?"

"दोन्ही."

नवे भाऊसाहेब भले गृहस्थ. त्यांनी सगळी कहाणी ऐकून घेतली, मध्ये दोनदा चहा मागवला, एकदा शेजारच्या टेबलावरच्यांनाही ऐकायला बोलावलं. मग पेन उघडून विचार करत बसले.

"ताई, अडचण अशी आहे. 'हत्यार परत दिले' असं लिहावं, तर परवाना नंबर लिहावा लागतो. 'वस्तू परत दिली' लिहावं, तर वस्तू निवडणुकीत जमा करून घेतलीच का, म्हणून वरनं विचारतील. आणि काहीच न लिहिता द्यावी, तर कचेरीतून भरदिवसा एक बाई बंदूक घेऊन बाहेर पडली, असं होईल."

"मग?"

"मग ती इथंच बरी आहे. खिडकीला चांगली बसलीय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाणी येऊ देणारी बाई नाही, पण आलं. एवढी मोठी आपत्ती उंबऱ्यावर आलेली, तिकडे लोणीला म्हातारी एकटी, आणि माझी तयारी सरकारी खिडकीला टेकू! मी त्यांना आत्याबाईंचं सगळं सांगितलं. उंबरा, ठकूबाई, विरजण, फोन. भाऊसाहेबांनी पेन बंद केलं.

"माझी आई घोडेगावच्या पुढं राहते," ते म्हणाले. "एकटीच." आणि एकदम पेन उघडून त्यांनी लिहिलं आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं, "'कचेरीत विसरलेली छत्री, एक नग, चादरीसह, मालकिणीस परत.' करा सही. आणि ताई, उघडू नका वाटेत."

अशी माझी बंदूक छत्री होऊन सुटली. मी कडक उन्हात ती काखेत घेऊन बाजारपेठेतून घरी आले.

इकडे जुन्नरात माझी कीर्ती पसरतच होती. रविवारी विहारात वंदनेला गेले तर पहिलंच शील म्हणताना, प्राणिहिंसेपासून अलिप्त राहीन म्हणताना, सगळ्या बायका माझ्याकडे बघायच्या. वंदना झाल्यावर म्हातारे गेणभाऊ मला थांबवून म्हणाले, "बाई, किती जीव घेतलं?"

"एक टाकी," मी म्हटलं.

"टाकीत जीव नस्तो," गेणभाऊंनी गंभीरपणे निवाडा दिला. "चालंल."

पण ठकूबाईचा निवाडा असा नव्हता. तिची लेक जुन्नरला दिलेली. लेकीकडे ती आठ दिवस राहून गेली आणि लोणीला जाताना सगळी बातमी ओटी भरून घेऊन गेली. लोणीत पोचेपर्यंत ती अशी झाली, की पोपटच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, बायकोनं बंदूक घेतली, शेजाऱ्याच्या घरावर गोळी घातली, पाणी व्हाईलं का रगत व्हाईलं ते काय नीट कळंना, सरकारनं बंदूक जप्त केली, अन् ह्या बयेनं कचेरीत जाऊन ती सोडवून आणली!

आत्याबाईंनी दुकानातून सयाजीभाऊंना फोन लावला. सयाजीभाऊ स्वभावाने सत्यवचनी. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "मावशी, बाकीचं मला म्हाईत न्हाई. पर आमच्या टाकीला भोक पडलं व्हतं, त्ये बुजवल्यालं मी रोज बघतो."

आणि डिसेंबरातल्या एका सकाळी आमच्या दारात एक जीप थांबली. जीपमधून आधी कोंबड्यांचं डालगं उतरलं. मग पत्र्याची ट्रंक. मग शेळी, मागच्या पायांनी. आणि शेवटी केशरबाई. हातात काठी, कपाळाला आठी.

मला इतका आनंद झाला की मी पाया पडायला वाकले ती तिथेच राहिले. आत्याबाई माझ्या पाठीवरून घरात बघत म्हणाल्या, "उठ. कुठंय ती?"

"कोण?"

"तुझी सवत. बंदूक."

मी आणून दिली. त्यांनी हातात घेतली, काठीशेजारी लावून उंची मापली, आणि आपल्या खाटेखाली सरकवून दिली. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "माझा एकुलता एक ल्योक. एकच नात. अन् ह्या बाईच्या हातात बंदूक! मी तिकडं लोणीत कशी झोपू रं?"

"आत्याबाई, मी तर ती तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी? बाहत्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली. सुकडी खाल्ली. पोपटला पाठीला बांधून फोडली. तवा न्हाई लागली मला बंदूक."

हे तेव्हा चांगले मोठे होते असं हे नंतर हळूच म्हणाले, पण ते जाऊ दे.

ते पंधरा-वीस दिवस म्हणजे आमच्या घरात सण होता. कोंबड्या गच्चीवर, शेळी जिन्याखाली, आत्याबाई पुढच्या खोलीत पाय पसरून. पाय खरोखरच भिंतीला लागायचे. मग ह्यांनी खाट तिरकी केली, लागेनासे झाले. एवढी वर्षं हे कुणाला सुचलं नव्हतं! आत्याबाईंनी सयाजीभाऊंना अंडी पाठवली, आणि त्यांचं बोलणंही परत आलं. टाकीच्या बुजवलेल्या भोकाकडे बघत ते मला म्हणाले, "वहिनी, नेम तसा वाईट न्हवता. डबा जागा चुकला."

नवीन साल उजाडलं. कल्याणीने उठल्याबरोबर बटण दाबलं. दिवा लागला. बंद केलं, पुन्हा दाबलं, पुन्हा लागला. सयाजीभाऊंनी गच्चीवरून ओरडून सांगितलं, "फोन वाजतोय!" स्टँडवरून एष्टीचा हॉर्न ऐकू आला. काहीच बुडालं नव्हतं. कल्याणीचा चेहरा तर फसवल्यासारखा झाला होता.

आम्ही पांढऱ्या साड्या नेसलो होतो. एक जानेवारी म्हणजे कोरेगावला जायचं, स्तंभाला मानवंदना द्यायची, हे आमच्याकडे जग बुडो की राहो, ठरलेलं. मी दशम्या बांधत होते. वळून पाहिलं तर आत्याबाईंनी ट्रंक दारात आणून ठेवली होती.

"ही कशाला?"

"कोरेगावला मानवंदना दिऊन तशीच परस्पर लोणीला जाते. शेरडी-कोंबड्या पोपट मागनं घिऊन यील. बुडालं न्हाई न्हवं तुमचं जग? झालं मग."

हे दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. कल्याणीने 'आजी' म्हणत ट्रंकेची कडी धरली. मला तर ट्रंकेच्या जागी तो गोठ्याचा उंबराच दिसायला लागला. सकाळची वेळ, आणि दुपारपर्यंत कुणी विरजण मागायला येत नाही. विनवण्या करून झाल्या होत्या. कारणं संपली होती. आपत्तीसुद्धा आयत्या वेळी आली नाही.

तेव्हा मी खाली वाकले. खाटेखालून बंदूक काढली. मधोमध मोडली, डबीतून एक छर्रा काढला, तो हातातून पडला, घरंगळत ट्रंकेखाली गेला. दुसरा काढला, घातला. पदर खोचला.

"काय करतीस?" आत्याबाई म्हणाल्या.

"काही नाही. तुम्ही निघा. मी म्हटलं, आता घर मोकळं होतंय, तर रोज थोडा सराव करावा." मी दस्ता खांद्याला लावला. एक डोळा मिटला. मग तो उघडून दुसरा मिटला. नळी खिडकीवरून फिरली, कपाटावरून फिरली, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या जरा अलीकडे दचकून थांबली आणि वळून ह्यांच्यावर आली. हे हलले नाहीत. लग्नानंतर इतक्या विश्वासाने ह्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. चापाला मी बोट लावलं नव्हतं, हे फक्त त्यांना दिसत होतं.

"ठिव!" आत्याबाई ओरडल्या. "ठिव ती खाली, मेले! पोराला मारती का काय!"

"परवाना लागत नाही हिला," मी म्हटलं.

"अक्कल लागती!" त्यांनी बंदूक माझ्या हातातून हिसकावली, खाटेखाली ढकलली आणि वर ट्रंक सरकवून ठेवली. मग कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभ्या राहिल्या. "न्हाई जात. झालं समाधान? चला आता, गाडी चुकंल."

कोरेगावची गर्दी, निळे झेंडे, तो स्तंभ. आत्याबाई माझा हात धरून चालत होत्या. म्हणजे मी पळून जाऊन बंदूक आणीन म्हणून धरला होता, असं त्या सांगत होत्या.

त्यानंतर दर उन्हाळ्याला, दर सुगीला त्या लोणीची आठवण काढून ट्रंक झटकायच्या. मी लगेच बंदूक काढून तेल द्यायला बसायचे. त्या ट्रंक परत ठेवायच्या. एवढ्यावर आमचं चाललं होतं. कल्याणीला नोकरी लागली, आमच्याकडे स्वतःचा फोन आला, सयाजीभाऊंनी नवी टाकी बसवली आणि जुनीत मासे पाळले.

दोन हजार चार सालातली गोष्ट. मी बाजारातून आले तर आत्याबाई पुढच्या खोलीत ह्यांना रागावत होत्या. आता नजर अधू झाली होती, पण आवाज तोच. मी दारातच थांबले.

"तुला काय म्हाईत असतं का घरातलं? महिना झाला, मी डबी हालवून बघितली, आत एक छर्रा न्हाई. सगळं शेजारच्या पोरांनी गोट्या म्हनून खेळून संपवलं. आज पगार झाला का पैला डबीभर घिऊन ये पुण्यावरनं."

"तुला कशाला गं छर्रे?" ह्यांनी विचारलं.

"अरं येड्या," आत्याबाई म्हणाल्या, "मग मी हितं कशाच्या भ्यावानं ऱ्हाऊ?"